डब्यातले कोडे आणि वाटेचा हक्क

क्रॅनमियर पूल हे नाव फसवे आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उंच, उघडे माळरान पसरले आहे. त्याच्या उत्तर भागात नकाशावर हे तळे दाखवलेले असते. प्रत्यक्षात मात्र तेथे तळे नाही. पीटच्या काळ्या, भुसभुशीत मातीतला एक खोलगट खळगा आहे. पाहण्यासारखे काही नसलेल्या या ठिकाणी पोहोचायला एकेकाळी दिवसभराची तंगडतोड करावी लागे आणि वाटाड्याशिवाय तेथे जाणे धोक्याचे मानले जाई. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरॉट या वाटाड्याने त्या खळग्यात एक बाटली ठेवली. येथवर आलेल्यांनी आपले व्हिजिटिंग कार्ड तीत टाकावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे लोक स्वतःच्याच पत्त्याची पोस्टकार्डे तेथे ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ती न्यायची आणि आपल्या गावी टपालात टाकायची, असा अलिखित नियम झाला. त्यावरून या प्रकाराला 'लेटरबॉक्सिंग' हे नाव पडले. १९३७ मध्ये 'वेस्टर्न मॉर्निंग न्यूज' या स्थानिक वृत्तपत्राच्या पुढाकाराने तेथे ग्रॅनाइटची पक्की पेटी बांधली गेली.

आज जगभर 'जिओकॅशिंग' या नावाने जो खेळ खेळला जातो, त्याचे मूळ शोधू पाहणाऱ्याला या बाटलीपाशी यावेच लागते. गिर्यारोहकांच्या आवडत्या वाटांवर एखादे सूत्र धरून गुंफलेल्या कोड्यांच्या मालिका हे या खेळाचे सर्वांत रंजक रूप. वरवर पाहता हा फावल्या वेळचा, निरुपद्रवी उद्योग वाटतो. तथापि डोंगरातली वाट कोणाची, तीवर चालण्याचा हक्क कोणी कोणाला दिला आणि तेथे काही मागे ठेवून येण्याचा अधिकार त्या हक्कात येतो काय, हे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२५ रोजी डार्टमूरविषयी दिलेल्या निकालाने हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत, हे दाखवून दिले आहे.

अक्षांश-रेखांशांचा खेळ

जिओकॅशिंगचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेची जीपीएस उपग्रहयंत्रणा मुळात लष्करी उपयोगासाठी उभारली गेली होती. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे नागरी उपकरणाने दाखवलेली जागा सुमारे १०० मीटर इकडेतिकडे असू शके. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली आणि हातातले यंत्र एका रात्रीत कितीतरी पटींनी अचूक झाले. लगोलग, ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरील एका चर्चागटात जाहीर केले. बादलीत नोंदवही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. तीन दिवसांच्या आत ती शोधली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर ७५ डब्यांची नोंद होती. आज जगभरातील डब्यांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली आहे.

खेळ साधा आहे. कोणीतरी पाणी न शिरणारा डबा लपवतो, त्याची जागा जाहीर करतो; इतरांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तसा ठेवायचा. शोध किती अवघड आणि चाल किती खडतर, यांना १ ते ५ असे अंक दिलेले असतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटरांचे अंतर हवे, डबा जमिनीत खोदून पुरू नये, जमीनमालकाची परवानगी असावी, हे ठळक नियम. हा खेळ न खेळणाऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना खेळाडू 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या कथांतून उचललेला हा शब्द आता या जमातीच्या नित्य बोलण्यात रुळला आहे.

कोड्याच्या डब्यात मात्र ही सरळ वाट बंद होते. तेथे जाहीर केलेली जागा खरी नसते. खरी जागा तिच्यापासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत कोठेतरी असते आणि ती कोडे सोडवूनच कळते. समजा, एखाद्या डोंगरवाटेवर पक्ष्यांची मालिका रचली आहे. पहिल्या डब्याच्या पानावर काही पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांची मोडतोड दिली आहे. ती जुळवली, अक्षरांना क्रमांक दिले, की अक्षांशाचे शेवटचे तीन अंक मिळतात. दुसऱ्या डब्यासाठी सांकेतिक लिपी, तिसऱ्यासाठी एखादा जुना नकाशा. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक अंक लिहिलेला असतो आणि सगळे अंक जमले, तरच अखेरच्या डब्याची जागा उलगडते. म्हणजे वाट अर्ध्यावर सोडून चालत नाही.

या रचनेतले गणितही लक्षात घेण्याजोगे आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५२ मीटर. खेळात मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडे देतात, म्हणजे शेवटच्या अंकाची किंमत दोन मीटरांहूनही कमी. हा अंक एकाने चुकला तर फार तर शेजारचा दगड उचकटून पाहावा लागेल. पण दशांशचिन्हालगतचा अंक एकाने चुकला, तर शोधणारा १८५ मीटर दूर, कदाचित दरीच्या पलीकडे जाऊन पोहोचेल. कोडे रचणाऱ्याची जबाबदारी येथे सुरू होते. घरी बसून केलेली चूक डोंगरात पावलांनी फेडावी लागते.

वाट वाचायला लावणारी कोडी

कोड्यांच्या मालिकांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्यात सारे उत्तर घरी, संगणकासमोर मिळते. वाटेवर जायचे ते केवळ डबा उचलायला. दुसऱ्यात उत्तर वाटेवरच असते. पुलाला कमानी किती, मैलाच्या दगडावर कोणते साल कोरले आहे, अमुक खडकावरून दिसणाऱ्या दोन शिखरांत उंच कोणते, अशा प्रश्नांची उत्तरे जागेवर उभे राहूनच मिळतात. डार्टमूरच्या जुन्या पेट्यांची सूत्रे याच वळणाची होती. अमुक टेकडीचा माथा इतक्या अंशांवर, तमुक गावाच्या चर्चचा मनोरा इतक्या अंशांवर, तेथून इतकी पावले, असे त्यांचे रूप असे. होकायंत्र हाती धरून क्षितिजावरची प्रत्येक खूण नावानिशी ओळखल्याशिवाय ती पेटी सापडत नसे. पेटीत रबरी शिक्का असे. त्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा आणि आपला ठसा तेथील वहीत उमटवायचा. शंभर ठसे जमवणाऱ्यांचे मंडळच निघाले, सूत्रांच्या छापील याद्या फिरू लागल्या आणि एकेका विषयावरील पेट्यांचे संच धर्मादाय निधीसाठी विकले जाऊ लागले. मालिकेची कल्पना, तिचे सूत्र आणि शेवटी मिळणारे समाधान हे सारे जीपीएसच्या आधीपासून तेथे होते.

या दुसऱ्या प्रकाराचे मोल खेळापुरते मर्यादित नाही. वाटेवरून नुसते चालणारा माणूस बहुधा पायांकडे आणि घड्याळाकडे पाहत असतो. कोडे त्याला थांबवते, मान वर करायला लावते, दगडावरचे अक्षर वाचायला लावते. ज्या मुलाला पाच तासांची चाल कंटाळवाणी वाटते, तेच मूल पुढच्या डब्याच्या ओढीने डोंगर चढून जाते, हा अनुभव अनेक कुटुंबांना आला असेल. एखाद्या प्रदेशाचा इतिहास, तेथील बंद पडलेल्या खाणी, उखडलेले लोहमार्ग, ओस पडलेल्या वस्त्या यांची ओळख भिंतीवरच्या फलकाने होत नाही, ती अशा खेळाने होऊ शकते. वाटेवर प्रेम बसण्यासाठी वाटेची माहिती हवी. आणि ज्या वाटेवर लोकांचे प्रेम नसते, ती फार काळ टिकत नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. जेथे मोजणी आली, तेथे चढाओढ आली. किती डबे सापडले याचा आकडा प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे झळकतो आणि आकडा वाढवण्याचे मार्गही निघतात. नेवाडाच्या वाळवंटात 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' या रस्त्यालगत एकसारख्या डब्यांची हजाराहून लांब माळ लावली गेली. लोक मोटारीतून उतरत, सही करत आणि पुढच्या डब्याकडे धावत. तेथे ना कोडे, ना चाल, ना वाळवंटाकडे पाहण्याची सवड. कोड्यांच्या मालिकांनाही याच रोगाची लागण होते. एकाने सोडवलेली उत्तरे गुपचूप गटांतून फिरतात आणि रचणाऱ्याने महिनोन्महिने खपून बेतलेली मालिका एका दुपारी, एकही कोडे न सोडवता, 'पूर्ण' होते. मग रचणारा अधिक क्लिष्ट कोडे रचतो, सामान्य माणूस बाहेर पडतो आणि वाट पुन्हा मूठभरांची होते.

व्यापाराची पावलेही लवकरच उमटली. सूत्रबद्ध मालिकेचा पहिला मोठा प्रयोग २००१ मध्ये झाला, तो 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी. जगातील निरनिराळ्या ठिकाणी त्या कथेशी जोडलेले डबे लपवण्यात आले. त्यांपैकी वॉशिंग्टन राज्यातील स्नोक्वाल्मी बोगद्याजवळचा डबा खेळाडूंचे जणू तीर्थस्थान झाला. हा बोगदा जुन्या लोहमार्गाचा, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा. रेल्वे बंद पडल्यावर तो मार्ग चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी खुला झाला. चित्रपट लोकांच्या विस्मरणात गेला, डबा मात्र दशकभर लोकांना त्या अंधाऱ्या बोगद्यातून चालवत राहिला आणि २०११ मध्ये चोरीला गेला तेव्हा त्याची हळहळ दूरवर उमटली. जाहिरातीसाठी जन्मलेली वस्तू वाटेची होऊन गेली, हे या खेळाच्या सामर्थ्याचे उदाहरण. आता पर्यटन मंडळेही पैसे मोजून अशा मालिका आखून घेतात. त्यात गैर काही नाही; मात्र गर्दी आणणे आणि गर्दी पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान आखणाऱ्यांना असायला हवे.

डब्याचे ओझे

एक डबा कोणाला टोचणार, असे विचारले जाते. प्रश्न डब्याचा नसून त्याच्याकडे जाणाऱ्या पावलांचा आहे. मळलेल्या वाटेपासून वीस पावलांवर डबा ठेवला, की काही महिन्यांत त्या वीस पावलांची नवी पायवाट पडते. गवत मरते, पावसाचे पाणी त्या चरातून वाहू लागते. पीटच्या जमिनीत ही जखम भरून यायला दीर्घ काळ लागतो. डार्टमूरवर जमिनीलगत घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्री साखळीने बांधून न्यावी लागतात. त्याच काळात दगडांच्या फटी चाचपत हिंडणारी माणसे पक्ष्यांना कुत्र्यांपेक्षा कमी त्रासदायक ठरतात, असे मानण्याचे कारण नाही. शिवाय हे माळरान कांस्ययुगीन अवशेषांनी भरलेले आहे. दगडांच्या रांगा, वर्तुळे, थडगी यांतला कोणता दगड मानवाने रचलेला आणि कोणता निसर्गाने टाकलेला, हे अनभ्यस्त डोळ्याला कळत नाही. म्हणून प्राचीन रचनांत, भिंतींत, दगडांच्या राशींत पेटी ठेवू नये, सिमेंट वापरू नये, खोदू नये, असा दंडक लेटरबॉक्सिंगवाल्यांनी स्वतःच घालून घेतला. माळरानाच्या उत्तर भागात लष्कराची गोळीबाराची क्षेत्रे आहेत; लाल निशाण चढले की आत जाता येत नाही. क्रॅनमियर पूल अशाच क्षेत्रात येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने या बाबतीत आरंभापासून कडक भूमिका घेतली. सोडून दिलेली मालमत्ता आणि वाटेबाहेरची तुडवण या दोन कारणांवरून, उद्यानाच्या प्रमुखाच्या परवानगीविना तेथे डबा ठेवता येत नाही. त्यातून एक चांगली वाटही निघाली. २००४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या सहकार्याने 'अर्थकॅश' हा प्रकार सुरू झाला. यात डबाच नसतो. विशिष्ट जागी जाऊन खडकांचे थर पाहायचे, हिमनदीने पाडलेले ओरखडे मोजायचे आणि प्रश्नांची उत्तरे पाठवायची. ठेवायचे काही नाही, न्यायचे काही नाही. जे मिळते ते ज्ञान.

शहरात डब्याचा अर्थ आणखी बदलतो. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावात फुलांच्या कुंडीखाली काहीतरी ठेवणारा माणूस पाहून कोणीतरी पोलिसांना कळवले. लष्कराचे बॉम्बनाशक पथक आले, बाजारपेठ रिकामी केली गेली आणि डबा स्फोटाने उडवला गेला. आत होती नोंदवही. बॉम्बस्फोट अनुभवलेल्या मुंबईच्या नागरिकाला यावर हसू येणार नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना लोकल गाडीत ऐकत वाढलेल्या शहरात लपवलेला डबा हा खेळ ठरूच शकत नाही. डब्यावर खेळाचे नाव ठळकपणे लिहिणे आणि तो पारदर्शक ठेवणे, ही त्यामुळे शिष्टाचाराची नव्हे तर सुरक्षिततेची बाब ठरते.

न्यायालयात गेलेले माळरान

या साऱ्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो जमिनीचा. डार्टमूर १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असले, तरी त्याचे ९५४ चौरस किलोमीटर सरकारच्या मालकीचे नाहीत. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारी जंगल नव्हे. जमीन खासगी मालकांचीच राहते. डार्टमूरच्या गायरानांवर १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने जनतेला मोकळ्या हवेतील करमणुकीसाठी पायी व घोड्यावरून फिरण्याचा हक्क दिला. इंग्लंडच्या बहुतेक भागात असा व्यापक हक्क नाही. २००० च्या कायद्याने डोंगराळ माळरानांवर भटकण्याची मुभा दिली, ती देशाच्या सुमारे ८ टक्के भूभागापुरती. तीही सहजासहजी मिळालेली नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर कामगारवर्गातील तरुणांनी सामुदायिक अतिक्रमण करून तुरुंगवास पत्करला होता; त्या चळवळीच्या रेट्यातून पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला.

डार्टमूरच्या दक्षिण भागातील एका मोठ्या जमीनदारीचे मालक, हेज फंड व्यवस्थापक अलेक्झांडर डारवॉल आणि त्यांच्या पत्नी यांनी या हक्काचा अर्थ न्यायालयाकडून मागितला. आपल्या परवानगीविना लोक येथे रात्री तंबू ठोकतात, त्यामुळे गुरांना व पर्यावरणाला धोका पोहोचतो. तंबूत झोपणे ही कायद्यातली 'करमणूक' नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. १३ जानेवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाने ते मान्य केले. आठवडाभरातच हजारो लोक त्या माळावर चालत गेले. जुलै २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अपील न्यायालयाच्या बाजूने कौल दिला. 'पायी व घोड्यावरून' हे शब्द तेथे कसे जायचे एवढेच सांगतात. तेथे जाऊन कोणती करमणूक करायची हे ते ठरवत नाहीत, असा या निकालाचा गाभा आहे. गैरवर्तनाला आळा घालण्यासाठी उद्यान प्राधिकरणाचे उपनियम पुरेसे आहेत, ही त्याची दुसरी बाजू.

निकाल तंबूंविषयी आहे, डब्यांविषयी नाही. तरीही त्याचा तर्क डब्यांपर्यंत पोहोचतो. मोकळ्या हवेतील करमणूक व्यापक अर्थाने घ्यायची, तर होकायंत्र घेऊन पेटी शोधत हिंडणे तीत बसते, याविषयी फारशी शंका उरत नाही. पण पेटी ठेवणे? चालणारा माणूस संध्याकाळी परत जातो; तंबूही सकाळी उचलला जातो. पेटी मात्र तेथेच राहते, आणखी माणसांना बोलावत राहते. जाण्याचा हक्क आणि मागे ठेवण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला कायद्याने मिळाला. दुसरा कोणी दिलेला नाही, तो चालवून घेतला गेला आहे. गेली १७० वर्षे डार्टमूरवर ही परंपरा टिकली, ती कायद्याच्या कलमावर नव्हे, तर मालक, मेंढपाळ, उद्यानाचे अधिकारी आणि भटके यांच्यातील सामंजस्यावर. आणि सामंजस्य न्यायालयात जाऊन परत मिळवता येत नाही.

म्हणूनच बेपर्वाईने ठेवलेला एक डबा दिसतो त्यापेक्षा महाग पडतो. तंबूंच्या खटल्यात जमीनमालकांच्या हाती असलेले शस्त्र कोणते होते? काही बेजबाबदार लोकांनी मागे टाकलेला कचरा, विझवायच्या राहिलेल्या शेकोट्या, बुजलेली गुरे. उद्या एखाद्या प्राचीन थडग्याचे दगड डब्यासाठी हलवले गेले, तर हक्काच्या विरोधात बोलणाऱ्याला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही. खेळाडूंनी स्वतःवर घालून घेतलेले नियम हे सौजन्य नाही. ते त्यांच्याच हक्काचे कुंपण आहे.

सह्याद्रीतून पाहताना

महाराष्ट्रात जिओकॅशिंगचे डबे मोजकेच आहेत, पण हा विषय परका नाही. शनिवार-रविवारी सह्याद्रीत जाणाऱ्या शहरी तरुणांच्या हाती आज त्याच उपग्रहांचे संकेत घेणारा मोबाइल आहे आणि आडवाटांच्या नोंदी एकमेकांना पाठवण्याची सवयही लागली आहे. असा खेळ येथे मूळ धरणे अशक्य नाही. त्याआधी दोन गोष्टी ध्यानात घेतलेल्या बऱ्या.

पहिली, 'खजिना' या शब्दाचे आपल्याकडचे वजन. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि मार्चमध्ये मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याशी गावकरी रात्रीच्या अंधारात विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागले. मोगलकालीन सोन्याची नाणी सापडत असल्याची वदंता पसरली होती. अखेर पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला. भारतात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अद्याप लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचे निक्षिप्त धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्तधनाच्या आशेने गडांवरच्या समाध्या आणि टाकी उकरणाऱ्यांचा उपद्रव इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. अशा ठिकाणी दगडाखाली काहीतरी दडले आहे, ही बातमी मोबाइलवरून पसरली, तर तिचा अर्थ सगळेच खेळ म्हणून लावतील, अशी हमी कोण देणार? ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. रायगड, राजगड किंवा साल्हेरच्या तटबंदीतला चिरा डब्यासाठी हलवणे हा खेळ नव्हे, गुन्हाच ठरेल.

दुसरी गोष्ट हक्काची. डार्टमूरसारखा, केवळ आनंदासाठी पायी भटकण्याचा वैधानिक हक्क आपल्याकडे नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत पोहोचण्याची वाट मागू देते; गिरिभ्रमण करणाऱ्याला नाही. अभयारण्यात, मग ते कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे असो की कोयनेचे, प्रवेश वनखात्याच्या अनुमतीवर अवलंबून आहे. गडाच्या पायथ्याची वाट बहुधा कोणाच्या तरी बांधावरून जाते आणि पावसाळ्यात तो बांध तुडवला जातो तेव्हा सोसतो तो शेतकरी. म्हणजे जे सामंजस्य डार्टमूरवर कायद्याच्या जोडीला आहे, ते येथे एकटेच उभे आहे. ते मोडले तर मागे काही नाही.

असे असताना येथे कोड्यांची मालिका रचायचीच झाली, तर ती डब्याविना रचावी. गडावर कोड्यांचा तुटवडा नाही. दरवाजावरचे शरभशिल्प काय सांगते, टाक्याला पाणी कोठून येते, गोमुखी रचनेचा दरवाजा शत्रूला कोणत्या अंगाने वळायला लावतो, बुरुजावरून शेजारचे किती गड दिसतात, हे प्रश्न दगडांनी आधीच विचारून ठेवले आहेत. त्यांची उत्तरे शोधायला लावणारी मालिका तटाचा एक चिराही न हलवता पिढीला गड वाचायला शिकवील. आणि मालिका आखताना वाटेवरच्या गावाला विश्वासात घेतले, तर वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याला त्यातून चार पैसेही मिळतील. शेवटी पेरॉट हाही वाटाड्याच होता. बाटली ठेवल्याने त्याच्या गिऱ्हाइकांना तेथवर जाण्याचे एक कारण मिळाले होते.

क्रॅनमियरच्या खळग्यात तेव्हाही काही नव्हते, आजही नाही. लोक तेथे गेले ते पोहोचल्याची खूण ठेवण्यासाठी, आणि ती खूण उरली कारण पुढे येणाऱ्या प्रत्येकाने आधीच्याची कार्डे जपली. कोड्यांच्या मालिकांचे भवितव्य कोडे किती अवघड, यावर ठरणार नाही. रचणारा आणि सोडवणारा वाटेला आपली मालमत्ता मानतात की ठेव, यावर ते ठरेल. न्यायालय चालण्याचा हक्क देऊ शकते. तो हक्क इतरांना खुपणार नाही अशा रीतीने चालणे मात्र चालणाऱ्यालाच शिकावे लागते.